उंचीची भीती आणि आयफेल टॉवर

प्रश्न : माझे वय ४३ वर्षे आहे. येत्या सुट्टीत यजमान, सासूबाई आणि दोन्ही मुलांसह पॅरिसला जाण्याचे ठरले आहे. मुलांना आयफेल टॉवरच्या थेट माथ्यावर जायचे आहे. मला मात्र लहानपणापासून उंचीची भीती वाटते. गच्चीच्या कठड्याशी गेले तरी पाय लटपटतात, पोटात गोळा येतो आणि कोणी तरी खाली ओढत असल्यासारखे वाटते. यजमान म्हणतात, ‘काही होत नाही, एकदा वर गेलीस की भीती कायमची जाईल.’ खाली थांबले तर मुलांचा विरस होईल आणि वर जाऊन चक्कर आली तर सर्वांचाच दिवस वाया जाईल. तिकिटे आताच काढायची आहेत. काय करावे?

उत्तर : माथा गाठायचा किंवा जमिनीवरच थांबायचे, असे दोनच पर्याय तुम्ही समोर ठेवले आहेत आणि निम्मी धास्ती त्यातूनच आली आहे. या मनोऱ्याला तीन टप्पे आहेत. पहिला सुमारे ५७ मीटरवर, दुसरा ११६ मीटरवर आणि माथ्याचा सज्जा २७६ मीटरवर. लिफ्टने माथ्यावर जाणाऱ्यांनाही दुसऱ्या टप्प्यावर उतरून दुसरी लिफ्ट घ्यावी लागते. म्हणून इतरांची तिकिटे माथ्यापर्यंतची आणि तुमचे दुसऱ्या टप्प्यापर्यंतचे काढावे, असे मी सुचवेन. तिथवर सर्व जण बरोबर जाल. पुढे मुले वडिलांबरोबर जातील, आणि सासूबाईंची इच्छा असेल तर त्या तुमच्यासोबत थांबतील. यात मुलांचे काही बुडत नाही आणि तुमच्या वाट्याला उरलीसुरली सहलही येत नाही; उलट सेन नदी, तिच्यावरचे पूल आणि शहरातल्या मोठ्या वास्तू दुसऱ्या टप्प्यावरून जितक्या नीट ओळखू येतात, तितक्या माथ्यावरून येत नाहीत.

आता चक्करेविषयी. आपला तोल अंतर्कर्ण, डोळे आणि तळपाय-सांध्यांकडून येणाऱ्या संवेदना या तिघांच्या मेळातून सांभाळला जातो. एरवी शरीर किंचित झुलले की जवळच्या भिंतीच्या किंवा खांबाच्या संदर्भाने डोळ्यांना ते लगेच कळते. उंचावर मात्र नजरेसमोरचे सगळे फार दूर असते, त्यामुळे ती खबर मिळत नाही, झुलणे थोडे वाढते आणि घाबरलेले मन त्याचाच अर्थ ‘आपण पडतो आहोत’ असा लावते. म्हणजे तुम्हाला जाणवते ती अस्थिरता मनाचा खेळ नव्हे, तिला शरीराचा आधार आहे, हे यजमानांनीही लक्षात घ्यावे. मात्र अशा भीतीत सहसा रक्तदाब वाढतो आणि शुद्ध हरपते ती तो एकदम उतरल्यावर. त्यामुळे डोके हलके झाल्यासारखे वाटले तरी प्रत्यक्ष कोसळण्याचा प्रसंग क्वचितच येतो. जमिनीवर असतानाही सभोवताल गरगर फिरल्यासारखे वाटत असेल, तर तो निराळा विषय आहे आणि निघण्यापूर्वी कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.

उपाय याच कारणातून निघतो. लिफ्टचे दार उघडल्यावर गर्दीबरोबर कठड्याकडे जाऊ नका. आतल्या बाजूला पाठ टेकून, पाय थोडे फाकवून उभे राहा आणि हाताच्या अंतरावरची स्थिर वस्तू पाहा. या बांधणीत सुमारे २५ लाख रिव्हेट, म्हणजे लोखंडी भाग जोडणारे गोल डोक्याचे खिळे, आहेत. समोरच्या तुळईवरच्या रिव्हेटची एक ओळ नजरेने सावकाश पुढे-मागे मोजली तरी पुरे. श्वास सोडताना तो आत घेण्यापेक्षा लांबवा. छातीतली धडधड काहीशी ओसरली की क्षितिजाकडे पाहा, आणि सरळ खाली पाहण्याची घाई अजिबात करू नका. सरकत्या ढगांकडे टक लावणे आणि दुर्बिणीतून खाली पाहणे टाळा. पहिल्या टप्प्यावर उतरलात तर तिथल्या जमिनीचा काही भाग २०१४ पासून काचेचा आहे आणि मधल्या पोकळीतूनही खालचे दिसते, हे आधीच ठाऊक असू द्या. दोन्ही टाळून फिरता येते. दुसऱ्या टप्प्यापर्यंत ६७४ पायऱ्यांचा जिनाही आहे, पण जाळीतून सतत खालचे दिसत राहते, त्यामुळे तुमच्यासाठी येता-जाता लिफ्टच बरी.

यजमानांचे म्हणणे मला मान्य नाही. भीती कमी होते ती माणूस आपणहून, सोसवेल इतक्या उंचीवर, ती ओसरेपर्यंत थांबतो आणि हे पुन्हा पुन्हा करतो तेव्हा. एकदाच ओढून नेल्याने ती बहुधा पक्कीच होते. निघायला अवधी असेल तर आजपासून पहिल्या मजल्याच्या गॅलरीत कठड्यापासून दोन पावलांवर उभ्या राहा, आणि ते सहज जमू लागले की मगच वरचा मजला किंवा एक पाऊल पुढे घ्या. एवढ्यानेही जीव फार घाबरत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या. या भीतीवर टप्प्याटप्प्याच्या सरावाचे उपचार चांगले लागू पडतात. गुंगी आणणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका, कारण तिने तोल आणखी बिघडतो.

मुलांना निघण्यापूर्वीच सरळ सांगा की आईला उंचीची भीती वाटते, ती दुसऱ्या टप्प्यापर्यंत येणार आहे, आणि तिथे कोणी तिचा हात धरून तिला कठड्याकडे ओढायचे नाही. ‘खाली जाऊया’ असे तुम्ही म्हटले की एका मोठ्या माणसाने वाद न घालता तुमच्याबरोबर उतरायचे, हेही घरीच ठरवून घ्या.