लघवीची घाई: सराव सुरू करताना

तुम्ही मूत्राशयाचा सराव, म्हणजे लघवीची घाई थोडी थोडी लांबवण्याची सवय, नुकताच सुरू केला आहे, म्हणून माझ्या अनुभवावरून आधी एवढेच सांगते की, लघवीची कळ आली म्हणजे मूत्राशय काठोकाठ भरले, असे समजू नका. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते, पण पहिली जाणीव १५० ते २०० मिलिलिटरच्या आसपासच होते.

मूत्राशय भरू लागले की त्याची भिंत ताणली जाते, त्या ताणाचा संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो, आणि मेंदू परवानगी देईपर्यंत भिंतीचा स्नायू सैल व खालचे स्नायूवलय आवळलेले राहते. परवानगी मिळताच नेमके उलट घडते. आपला सगळा सराव या परवानगीवरच उभा आहे.

म्हणून कळ आल्यावर धावत सुटू नका. जागीच थांबा आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू (लघवी रोखून धरताना आवळतो ते) पाच-सहा वेळा झटपट आवळून सोडा, कारण ते आवळले की मूत्राशयाचे आकुंचन आपोआप मंदावते. लाट ओसरली की शांतपणे जा. हे जमू लागले की दोन वेळांमधले अंतर १५ मिनिटांनी वाढवा.

पाणी मात्र तोडू नका. प्रवासात स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने आपल्याकडच्या कितीतरी बायका दिवसभर तहान मारतात, याचे मला फार वाईट वाटते; गडद लघवीने मूत्राशयाची चिडचिड उलट वाढू शकते. चहा कमी करून पाहा. जळजळ, ताप, लघवीतून रक्त किंवा लघवी तुंबणे, यांपैकी काहीही दिसल्यास सराव थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.