अ‍ॅफिलिएट लिंक एका जागी आणताना

तुमचा प्रश्न असा, की दोनशेहून अधिक लेखांत अ‍ॅफिलिएट लिंक (वाचकाने तिथून खरेदी केली की कमिशन देणाऱ्या लिंक) थेट चिकटवलेल्या आहेत, त्यातल्या किती चालू आणि किती मेलेल्या याचा पत्ता नाही, तर वर्डप्रेसचं एखादं प्लगइन टाकून हे मार्गी लागेल का?

प्लगइन जरूर टाका, पण आधी एक स्प्रेडशीट करा. लिंक, वस्तू, प्रोग्रॅम (म्हणजे कमिशन देणारी योजना) आणि ती कोणकोणत्या लेखांत आहे, एवढे रकाने पुरेत. शेवटचा रकाना भरायला कंटाळवाणा, म्हणून लोक तो गाळतात आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

प्रिटी लिंक्स किंवा थर्स्टीअफिलिएट्ससारखं प्लगइन तुमच्याच डोमेनवर छोटी लिंक बनवतं आणि वाचकाला तिथून दुकानाकडे रीडायरेक्ट करतं. उद्या दुकानाने पत्ता बदलला, तर दुरुस्ती एकाच जागी. पण याच सोयीमुळे लेखात एका मॉडेलचं कौतुक आणि लिंक दुसऱ्याच मॉडेलची, असंही घडतं. जुनं मॉडेल बंद झालं की फक्त ठिकाण बदललं जातं, मजकूर तसाच राहतो. हेतू काहीही असो, ही वाचकाची फसवणूक आहे. म्हणून परीक्षणातल्या लिंकला नेमक्या मॉडेलचंच नाव द्या, आणि ते बंद झालं की लिंक काढून लेखात तसं स्पष्ट लिहा. "नवशिक्यांसाठी मायक्रोफोन" अशा सर्वसाधारण शिफारशीच्या लिंकला मात्र कामावरून नाव द्या. तिथे वस्तू बदलली तरी चालते, फक्त ती लिंक असलेले सगळे लेख एकदा वाचून घ्यावे लागतात. तो रकाना यासाठीच.

रीडायरेक्टचा प्रकार ३०२ किंवा ३०७, म्हणजे तात्पुरता, ठेवा. ३०१ म्हणजे कायमचा बदल. ब्राउझर तो साठवून ठेवतो, आणि नंतर तुम्ही ठिकाण बदललंत तरी जुना वाचक जुन्याच पत्त्यावर जात राहू शकतो. लिंकच्या एचटीएमएलमधल्या रेल (rel) अ‍ॅट्रिब्यूटमध्ये "स्पॉन्सर्ड" (sponsored) लिहा, म्हणजे ही पैसे मिळवून देणारी लिंक आहे हे सर्च इंजिनला कळतं. गूगलने ही खूण २०१९ मध्ये आणली. आधीच "नोफॉलो" (ही लिंक शिफारस समजू नका, अशी जुनी खूण) लावलेल्या लिंक त्यासाठी बदलत बसायची गरज नाही.

अ‍ॅमेझॉनचं प्रकरण वेगळं आहे. आपण अ‍ॅमेझॉनकडे जातोय हे ग्राहकाला कळणार नाही अशा रीतीने लिंक छोटी करणं किंवा झाकणं त्यांच्या अटींत बसत नाही. त्यामुळे त्यांच्या लिंक मी थेटच ठेवते; थर्स्टीअफिलिएट्समध्ये अशा लिंक न झाकण्याची सोय आहे. त्यांच्या किमती हाताने लेखात टाकू नका. चित्रांचंही तसंच: २०२३ संपताना साइटस्ट्राइप या त्यांच्या लिंक बनवायच्या पट्टीतल्या चित्रांच्या लिंक बंद झाल्या, आणि ज्यांनी चित्रं तिथून घेतली होती त्यांच्या लेखांत रिकाम्या चौकटी उरल्या.

मेलेल्या लिंक शोधणाऱ्या साधनांवर पूर्ण विसंबू नका. वस्तू कायमची संपली तरी दुकानाचं पान उघडतं, सर्व्हर २०० कोड (म्हणजे "पान मिळालं") देतो आणि साधन "ठीक" म्हणतं. उलट काही दुकानं बॉटला, म्हणजे आपोआप पानं उघडणाऱ्या साधनाला, अडवतात, त्यामुळे धडधाकट लिंकही लाल दिसते. सर्वाधिक क्लिक मिळणाऱ्या लिंक ठरावीक काळाने स्वतः उघडा, मोबाइलवरही. वस्तू तीच आहे ना, आणि शेवटच्या पत्त्यात तुमचा आयडी (कमिशन कोणाचं ते ओळखणारा कोड) शाबूत आहे ना, ते बघा. अ‍ॅमेझॉनच्या पत्त्यात तो "टॅग" या पॅरामीटरमध्ये दिसतो.

ठरावीक शब्द दिसला की आपोआप लिंक लावणारी सुविधा बंदच ठेवा. ज्या वाक्यात तुम्ही एखाद्या वस्तूविरुद्ध लिहिलंय, तिथेही ती लिंक लावून मोकळी होते. आणि कमिशन मिळतं हे पहिल्या लिंकच्या आधी, साध्या मराठीत सांगा. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत कोणी वाचत नाही.

जुन्या लिंक एकगठ्ठा बदलताना डेटाबेसवर थेट एसक्यूएलचं (डेटाबेसच्या भाषेतलं) रिप्लेस चालवू नका. वर्डप्रेस बरीच माहिती सीरियलाइज करून, म्हणजे अक्षरांच्या संख्येसकट एकत्र गुंफून, ठेवतं आणि अक्षरांची संख्या बदलली की ती वाचता येत नाही. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनाचा सर्च-रिप्लेस हे सांभाळतो. आधी बॅकअप, मग ड्राय-रन (काही न बदलता काय बदलेल ते दाखवणारी चाचणी), आणि पहिल्यांदा एकाच प्रोग्रॅमच्या लिंक घ्या.