काठावरचं कुसळ : नाणेसंग्राहकांचे प्रश्न

यंदा आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं नाण्याच्या काठाबद्दल आहेत. उत्तरांआधी दोन शब्द ठरवून घेऊ. ताटाला असतो तसा नाण्याच्या तोंडावर जो उचललेला गोल बांध असतो, तो काठ. नाणं उभं केलं की ज्या बाजूवर ते टेकतं, ती कड. राणीछाप रुपयाचे दाते कडेवर असतात, काठावर नव्हे. हे दोन शब्द एकमेकांत मिसळले की पुढचा सगळा सौदा फसतो.

प्रश्न : २ रुपयांच्या स्टीलच्या नाण्याच्या काठावर अर्ध्या घेरापर्यंत पातळ, धारदार पापुद्रा उभा आहे. बोट फिरवलं तर टोचतो. विकणारा ‘रेअर एरर’ म्हणून ३,००० रुपये मागतो आहे. घेऊ का?

घेऊ नका. आवडलंच असेल तर दर्शनी किमतीहून थोडे जास्त द्या, त्यापुढे जाऊ नका.

पापुद्रा खरा आहे आणि तो टांकसाळीतच तयार झाला आहे, यात मला शंका वाटत नाही. नाणं पाडताना चकती खालच्या आणि वरच्या ठशाच्या मध्ये असते आणि भोवती पोलादी कॉलर, म्हणजे धातूला बाजूला पसरू न देणारं कडं असतं. ठोका बसला की धातू कणकेसारखा पसरतो आणि ठशाच्या खोलगट भागांत शिरतो. चकती थोडी जड असेल, तिचा काठ आधीच जास्त उचललेला असेल किंवा दाब वाढला असेल, तर उरलेल्या धातूला जायला एकच जागा राहते : ठसा आणि कॉलर यांच्यामधली केसाएवढी फट. त्या फटीतून वर आलेला धातू म्हणजे तुमचा पापुद्रा. इंग्रजी कॅटलॉगांत त्याला ‘फिन’ किंवा ‘वायर रिम’ म्हणतात. तो अर्ध्याच घेराला आहे, म्हणजे ठसा किंवा चकती ठोक्याच्या वेळी किंचित कलती असणार.

अशी नाणी निघतच असतात. चलनात आली की पापुद्रा चार दिवसांत मोडतो, म्हणून हातात कमी पडतात, एवढंच. पापुद्र्याला खरी किंमत आल्याचं ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी रेखलेलं १९०७ चं २० डॉलरचं सोन्याचं नाणं इतक्या उंच उठावाचं होतं की ठोक्यांत धातू काठावर चढायचा. टांकसाळीने तो दोष मानून दुरुस्त केला आणि आज ‘वायर रिम’ व ‘फ्लॅट रिम’ असे त्याचे दोन प्रकार वेगवेगळे नोंदले जातात. पण तिथे मुळात नाणंच दुर्मीळ आहे. तुमच्या २ रुपयांच्या नाण्याला तो न्याय लावता येत नाही.

प्रश्न : आजोबांच्या डबीत १९४४ चा भोकाचा पैसा मिळाला. भोकाच्या आतल्या काठावर एका बाजूला धातूचं कुसळ आहे. भोक नंतर कोणी मोठं केलं असेल का?

हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण हा पैसा हातात घेऊन शिकण्यासारखं बरंच काही आहे.

१९४३ ते १९४७ या काळातला हा पैसा युद्धात तांबं वाचावं म्हणून मधोमध भोक ठेवून काढला. पत्र्यातून पंच, म्हणजे भोक पाडणारा पोलादी दांडा, आरपार जातो तेव्हा तो शिरतो त्या बाजूची कडा आत दबून गोलसर होते आणि बाहेर पडतो त्या बाजूला धातू फाटून कुसळ उभं राहतं. भोसरीच्या कुठल्याही प्रेसशॉपमधला कामगार त्याला ‘बर’ म्हणेल आणि बोट लावून सांगेल की पंच कुठून आला. पंचाची धार गेली की बर वाढते.

आता दहापट भिंग घ्या, पैसा खिडकीशी धरा आणि तिरप्या उजेडात भोकाच्या भिंतीकडे पाहा. भोक चकतीला आधीच पाडलेलं असतं, ठोका नंतर बसतो. त्यामुळे टांकसाळीतली बर ठशाखाली चिरडून भोवतालच्या पृष्ठभागात चपटी झालेली असते आणि तिचा तपकिरी रंग बाकी पैशासारखाच असतो. नंतर कोणी ड्रिल किंवा कानस चालवली असेल, तर बर नक्षीच्या वर उभी राहते, भिंतीवर गोल फिरलेले ओरखडे दिसतात आणि तिथलं तांबं वेगळ्या रंगाचं असतं.

आणखी एक शक्यता तपासा. हे पैसे लहान मुलांच्या करदोट्यात ओवले जायचे, वॉशर म्हणूनही वापरले जायचे. दोऱ्याने भोकाचा एकच भाग झिजून गुळगुळीत होतो आणि समोरचा खरखरीत राहतो. तुमच्या पैशात कुसळाच्या समोरची बाजू अशी झिजलेली असेल, तर ते कुसळ म्हणजे उरलेली मूळ बर आहे. वर्णन लिहिताना मुकुटाची बाजू समोर सरळ धरा आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे जागा सांगा : ‘भोकाच्या आत ४ वाजता चपटी बर’. दुसऱ्या संग्राहकाला तेवढ्यावरून नाणं डोळ्यांसमोर येतं.

प्रश्न : १८६२ चा राणीछाप रुपया, वजन ११.४ ग्रॅम. काठावर वरच्या बाजूला एक सपाट पट्टा आहे. हा टांकसाळीचा दोष समजावा का?

नाही. हा रुपया बहुधा दागिन्यात होता. माळेसाठी रुपयाला वर कडी डागायचे, पुढे कधीतरी ती काढून जागा कानसेने साफ केली जायची. कडेवर पाहा : त्या सपाट पट्ट्याखालचे दाते गायब असतील, बारीक समांतर रेघा दिसतील आणि खोबणीत कडी जोडताना लावलेल्या डाखाचा पिवळट किंवा करडा अंश असेल. हे सगळं ‘१२ वाजता’, म्हणजे राणीच्या डोक्यावर असेल, तर प्रश्नच मिटला, कारण माळेत राणी सरळ दिसावी असंच लावत.

वजनावरून मात्र निवाडा करू नका. नव्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम होतं. तुमच्या रुपयातली घट नुसत्या वापरानेही होऊ शकते.

प्रश्न : १ रुपयाच्या नाण्याची एक बाजू चंद्रकोरीसारखी कापलेली आहे. खरं की घरी कापलेलं?

पत्र्याची पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकती कोरीसारखी अपुरी निघते. अशा वेळी कापलेल्या भागाच्या बरोबर समोरचा काठ पाहा. काठ उचलण्याच्या यंत्रात चकती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही आणि तिथला काठ पुसट राहतो. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. शिवाय कोरीजवळची अक्षरं हळूहळू विरत जातात, कारण धातू त्या मोकळ्या जागेकडे सरकलेला असतो. पक्कडने किंवा ग्राइंडरवर कापलेल्या नाण्यात अक्षर अर्ध्यात तुटतं आणि समोरचा काठ ठणठणीत असतो. वजन दोन्हीकडे कमीच भरतं, त्यामुळे काट्याचा इथे उपयोग नाही.

प्रश्न : काठाला चिकटलेला धातूचा गोळा आणि काठाला बसलेला ठोसा यांत फरक कसा करावा?

धातू नाहीसा होत नाही, सरकतो. ठोसा बसला असेल तर खड्ड्याच्या शेजारी उचललेली वळी असते. ठशाचाच काठाकडचा तुकडा पडला असेल, तर त्या पोकळीत भरलेला गोळा वर येतो, त्यावर अक्षर किंवा नक्षी काही नसते, शेजारी खड्डा नसतो आणि नाण्याच्या दुसऱ्या बाजूला त्याच जागी छाप कमजोर असते. अॅल्युमिनियमच्या जुन्या पैशांवर दिसतात ते जवळपास सगळे ठोसेच असतात. तो धातू फार मऊ.

प्रश्न : शिवराईच्या कडेला टोकं आणि चिरा आहेत. कानसेने हलकेच गोल करून घेतली तर चालेल का?

कृपा करून करू नका. शिवराई हाताने पाडलेली आहे, तिला कॉलर नव्हती. तांब्याचे तुकडे तोडायचे आणि ठशावर ठेवून हातोडा मारायचा. तोडताना राहिलेली टोकं आणि ठोक्याने पसरताना कडेला पडलेल्या चिरा हीच त्या कामाची खूण आहे. ठसा तुकड्याहून मोठा असायचा, म्हणून ‘श्री राजा शिव’ पूर्ण बसलेली शिवराई कमी मिळते. तेव्हा काठ सापडत नाही म्हणून तिला सदोष ठरवू नका. चिरेच्या आत भिंगाने पाहा. तिथेही जुना काळपट थर असेल तर चीर मूळची.

काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी वडिलांची दुदांडी (अक्षरांच्या ओळींमध्ये दोन रेघा असलेली) शिवराई मला दाखवायला आणली. सगळी टोकं घासून त्यांनी ती बांगडीसारखी गोल केली होती, कडेचं तांबं नवं, लालभडक. वडिलांची आठवण म्हणून प्रेमानेच केलं होतं त्यांनी. मला बराच वेळ काही बोलता आलं नाही. ती कड आता कोणालाच परत आणता येणार नाही.

प्रश्न : पापुद्र्याच्या नाण्याने अल्बमची पिशवी फाटते. काय करू?

पापुद्रा मोडू नका, पिशवी बदला. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या तशाही वाईट, काही वर्षांत त्यांतून हिरवट चिकट थर नाण्यावर उतरतो. कडक गोल कॅप्सूल घ्या, नाण्याच्या व्यासाहून अर्धा मिलिमीटर मोठी. लक्ष्मीपूजनाला ही नाणी पाटावर ठेवत असाल तर कॅप्सूलसकट ठेवा. चिंच आणि रांगोळी तांब्याच्या कलशाला लावा, या नाण्यांना नको.