दुसऱ्या महायुद्धातली ३.७ इंची विमानवेधी तोफ ओढायला कोणता ट्रक असे? ठाण्यातल्या शाळेच्या प्रदर्शनासाठी मॉडेल करायचंय, साधा लष्करी ट्रक चालेल का?

साधा ट्रक नको, ब्रिटिश सैन्याचा एईसी मॅटाडोर दाखवा. ही तोफ नऊ टनांच्या आसपास भरायची. गायमुखच्या चढावर लोड घेतलेले ट्रेलर कसे रांगतात ते तुम्ही पाहिलंच असेल. तिथे निदान रस्ता तरी असतो, तोफेला शेतातल्या चिखलात न्यावं लागे. म्हणून मॅटाडोरची चारही चाकं इंजिनवर चालत, आणि ९५ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन शिवाय तारेचा दोर गुंडाळणारी विंच असे. तोफ रुतली की ट्रक आधी पुढे घट्ट जमिनीवर न्यायचा आणि मग दोराने ती ओढून काढायची. मॉडेलमध्ये हा ताणलेला दोर नक्की दाखवा, सगळी गंमत त्यातच आहे. मागच्या हौद्यात तोफेची माणसं आणि दारूगोळा.

फक्त तोफ कोणती ते आधी नक्की करा. ४० मिमीची बोफोर्स असेल तर ती जेमतेम दोन-अडीच टनांची. तिच्यामागे मॅटाडोर नको, मॉरिसचा सहाचाकी ट्रक शोभेल.