साताऱ्यात विहीर खोदताना काळ्या पाषाणात जांभळे खडे निघाले. अमेथिस्टच आहे हे कसं ओळखायचं?

आधी खडे उपटू नका, दगडासकट ठेवा. बेसाल्टमधल्या (म्हणजे या काळ्या पाषाणातल्या) वायूच्या पोकळीत सिलिकायुक्त पाणी झिरपून बहुधा आधी अकीकाचा करडा थर बसतो, मग आतल्या बाजूला तोंड करून गारगोटीचे स्फटिक वाढतात. अमेथिस्ट म्हणजे लोहामुळे जांभळी झालेली गारगोटी. टोकाला गडद, मुळाशी फिकी.

सुटलेली कपची काचेवर ओढा. न पुसला जाणारा ओरखडा उठला पाहिजे, कारण अमेथिस्टचा कठीणपणा 7 (खनिजांच्या 1 ते 10 या मोह्स मापावर). चाकूने खडाच कोरला गेला तर तो कॅल्साइट (3) किंवा फ्लोराइट (4), म्हणजे मऊ खनिज. मात्र चाकूचं पोलाद घासून करडी रेघ उमटते, तिला ओरखडा समजू नका. आधी पुसून बघा. फुटलेली बाजू शिंपल्यासारखी वळणदार असते, सपाट नाही.

उन्हात फार दिवस ठेवू नका, रंग उतरतो.