सर्व्हेत पहिला कोण, हे मी बघत नाही

प्रश्न: 2028 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीसाठी रिपब्लिकनांकडून व्हान्स, रुबिओ आणि डेमोक्रॅट्सकडून न्यूसम, शपिरो अशी नावं आत्तापासूनच घेतली जातायत. यातलं कोण खरंच टिकेल, हे आपल्यासारख्यांनी कशावरून ओळखायचं? सर्व्हे बघून काही कळतं का?

उत्तर:

2007 च्या दिवाळीत आयोवातल्या डिमॉइनमध्ये (स्पेलिंगमधले दोन्ही एस मुके) आमच्या घरी फराळाला दहा-बारा मराठी मंडळी जमली होती. सगळे विमा कंपन्यांच्या आयटीत, सगळे एच-1बीवर. म्हणजे मत कुणालाच नाही, मतं मात्र प्रत्येकाला. चिवडा संपेपर्यंत एकमताने ठरलं की लढत डेमोक्रॅट हिलरी क्लिंटन विरुद्ध रिपब्लिकन रूडी जुलियानी, म्हणजे न्यूयॉर्कचा माजी महापौर. देशभरातले सर्व्हेही तेच सांगत होते. मी जुलियानीवर वीस डॉलर लावले. रिपब्लिकन जॉन मॅकेनचं नाव कुणी काढलंसुद्धा नाही, कारण त्याच्या प्रचाराचे पैसे उन्हाळ्यातच संपत आले होते आणि माणसं सोडून गेली होती. पुढे जुलियानीने सुरुवातीची राज्यं सोडून सगळा डाव फ्लोरिडावर लावला, 29 जानेवारीला तिथे तिसरा आला आणि दुसऱ्या दिवशी शर्यतीतून बाहेर पडला. शेवटी लढले ते ओबामा आणि मॅकेन.

माझे वीस डॉलर गेले, पण त्याआधीच, 3 जानेवारी 2008 च्या रात्री, मला जे बघायला मिळालं त्यावर मी आजतागायत अंदाज बांधतो.

आधी एक फरक. आपल्याकडे तिकीट वरून येतं. तिथे तिकिटासाठीच निवडणूक होते, राज्याराज्यात, महिनोन्‌महिने. आयोवात डेमोक्रॅट्सची ती तेव्हा कॉकस म्हणजे उघड सभेच्या पद्धतीने व्हायची. शेजारच्या निवृत्त शिक्षिका आजी मला 'बघ तरी' म्हणून एका शाळेच्या जिममध्ये घेऊन गेल्या. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत पावणेदोनशेच्या आसपास माणसं. गुप्त मतदान वगैरे काही नाही. प्रत्येक उमेदवाराचा एक कोपरा, ज्याला जो पसंत त्याने त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, मग डोकी मोजायची. मी भिंतीला टेकून प्रेक्षकांत.

नियम असा, की ज्याच्या कोपऱ्यात 15 टक्के माणसं नाहीत, तो कोपरा बाद. त्या खोलीत सत्तावीस डोकी लागत होती. आजी होत्या बिल रिचर्डसनच्या कोपऱ्यात, तिथे जेमतेम सोळा-सतरा. जो बायडेनच्या कोपऱ्यात सहा जण, त्यातला एक मोबाइलमध्ये डोकं घालून. हे दोन्ही कोपरे मोडले आणि मग अर्धा तास जी मनधरणी सुरू झाली, ती कुठल्याही टीव्हीवर दिसत नाही. एक बाई कुकीजचा डबा घेऊन फिरत होती. ओबामाचा एक पोरगेला कार्यकर्ता आजींच्या समोर गुडघ्यावर बसून बोलत होता. आजी हिलरीच्या कोपऱ्याकडे बघून म्हणाल्या, "तिने इराक युद्धाच्या बाजूने मत दिलं होतं. ती हुशार आहे, पण तिच्याकडे मी जाणार नाही." आणि ओबामाच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. त्या रात्री आयोवात ओबामा पहिला, एडवर्ड्स दुसरा, हिलरी अगदी थोडक्याने तिसरी.

तेव्हापासून सर्व्हेत पहिला कोण आहे याच्याकडे माझं फारसं लक्ष नसतं. निवडणुकीला दीड वर्ष असताना लोक ओळखीचं नाव सांगतात, बस. मी दोन गोष्टी शोधतो: याला दुसरी पसंती किती जणांची, आणि 'काहीही झालं तरी हा नको' म्हणणारे किती. डिमॉइनच्या रजिस्टर या पेपरचा आयोवा पोल कॉकसच्या आधी दुसऱ्या पसंतीचं नावही विचारायचा. बातमीच्या शेवटी दोन ओळींत यायचं ते. खरा मसाला तिथेच.

बायडेनचंच पुढे बघा. त्या सहा माणसांच्या रात्रीच त्याने माघार घेतली. 2020 मध्ये पुन्हा उभा राहिला तर आयोवात चौथा, न्यू हॅम्पशरमध्ये पाचवा. सगळ्यांनी संपला म्हटलं. मग साउथ कॅरोलिनात कृष्णवर्णीय मतदारांनी त्याला उचलून धरलं, दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुशार हे दोन प्रतिस्पर्धी बाहेर पडले आणि दोघांनी त्याला पाठिंबा दिला. 3 मार्चला, सुपर ट्यूजडेला (एकाच दिवशी अनेक राज्यांत मतदान होतं तो मंगळवार), 14 पैकी 10 राज्यं त्याची. कोपरे मोडले आणि माणसं सरकली, यावेळी देशभर. त्याच दिवशी, जवळपास शंभर कोटी डॉलर ओतणाऱ्या मायकेल ब्लूमबर्गच्या पदरात फक्त अमेरिकन समोआ ही प्रशांत महासागरातली चिमुकली बेटं पडली. पैशाबद्दल याहून जास्त लिहायची गरज वाटत नाही.

पण हा हिशोब रिपब्लिकनांना जसाच्या तसा लावलात तर फसाल. मी स्वतः 2016 ला फसलो. डेमोक्रॅट्स डेलिगेट, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, मतांच्या प्रमाणात वाटतात. रिपब्लिकनांच्या बऱ्याच राज्यांत जो पहिला तो सगळं, नाहीतर बरंचसं, घेऊन जातो. त्या वर्षी साउथ कॅरोलिनात ट्रम्पला साडेबत्तीस टक्के मतं पडली आणि तिथले पन्नासच्या पन्नास डेलिगेट मिळाले. 'हा नको' म्हणणारे भरपूर होते, पण ते पाच जणांत वाटले गेलेले. त्या पाचांतल्या जेब बुशने त्याच रात्री गाशा गुंडाळला.

दुसऱ्या पसंतीचीही एक मर्यादा आहे. 2023 मध्ये ट्रम्पच्या कितीतरी मतदारांना दुसरा म्हणून फ्लोरिडाचा गव्हर्नर रॉन डिसँटिस चालत होता. तो आयोवातल्या 99 च्या 99 काउंटी फिरला. पण पहिल्या पसंतीचा माणूस जागचा हलेचना, मग दुसऱ्याला विचारतो कोण? डिसँटिसला त्यातली एकही काउंटी जिंकता आली नाही.

आता तुमच्या यादीकडे. घटनेच्या बाविसाव्या दुरुस्तीमुळे ट्रम्प पुन्हा निवडून येऊ शकत नाही, म्हणजे दोन्हीकडे मैदान मोकळं. व्हान्स ट्रम्पचा उपाध्यक्ष, आणि उपाध्यक्षांबद्दल इतिहास मजेशीर आहे. पदावर असलेल्या उपाध्यक्षाला तिकीट सहसा मिळतं: निक्सन 1960, हम्फ्री 1968, थोरला बुश 1988, गोर 2000, हॅरिस 2024. पण या पाचांतला निवडून आला फक्त बुश, आणि त्याच्या आधीचा असा उपाध्यक्ष शोधायला थेट 1836 च्या व्हॅन ब्युरेनपर्यंत मागे जावं लागतं. तेव्हा 'तिकीट मिळेल का' आणि 'जिंकेल का' हे दोन प्रश्न वेगळे ठेवा.

कॅलिफोर्नियाच्या न्यूसमबाबत मी एवढंच बघेन, की शपिरोचा किंवा बुटिजेजचा कोपरा मोडला तर तिथली माणसं त्याच्याकडे सरकतील की त्या आजींसारखी मान हलवून पलीकडे जातील. याचं उत्तर कॅलिफोर्नियात मिळणार नाही.

(कुणीतरी कमेंटमध्ये विचारेलच म्हणून: आपले बेळगावचे श्री ठाणेदार मिशिगनमधून काँग्रेसवर (म्हणजे अमेरिकी संसदेवर) निवडून गेलेत, पण अध्यक्षपदाला जन्माने नागरिक असावं लागतं. त्यामुळे ते यादीत नाहीत.)

जिममधलं ते दृश्य मात्र आता बघायला मिळणं कठीण. 2020 ला निकाल कळवायच्या ॲपने घोळ घातला, आणि 2024 साठी डेमोक्रॅट्सनी सगळ्यांत आधी तिकिटाची निवडणूक घ्यायचा मान आयोवाकडून काढून साउथ कॅरोलिनाला दिला. आमच्या फराळाच्या ग्रुपवर पैजा अजून लागतात. यावेळी मी नियम बदलून घेतलाय: प्रत्येकाने दोन नावं लिहून द्यायची, पैसे दुसऱ्या नावावर.