पत्रिका न उघडताच दिलेला नकार

प्रश्न : माझ्या मुलीसाठी ओळखीतून एक स्थळ आले होते. घर चांगले, मुलगा शिकलेला. परंतु दोन भेटींनंतर मुलीने स्पष्ट नकार दिला. समोरच्यांचे मन दुखावू नये म्हणून मी मुलाच्या आईंना ‘एकनाड येते आहे’ असे फोनवर सांगून टाकले. वास्तविक मुलाची पत्रिका आम्ही पाकिटातून बाहेरही काढली नव्हती. आठवड्याभरात त्यांचाच फोन आला. त्यांनी आपल्या गुरुजींना दोन्ही पत्रिका दाखवल्या. नाडी वेगवेगळी आहे आणि 36 पैकी 26 गुण जुळतात! मुलगी म्हणते, ‘आई, खोटं तू बोललीस, आता तूच निस्तर.’ पण लग्नाच्या बाबतीत बोललेल्या खोट्याचे पाप लागत नाही, असे शास्त्रातच आहे ना? त्यांना आता काय सांगावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण म्हणता ते वचन खरोखरच महाभारताच्या आदिपर्वात आहे. थट्टेत, स्त्रियांशी, विवाहप्रसंगी, प्राणांवर बेतले असता आणि सर्वस्व लुटले जात असता बोललेले असत्य पातक ठरत नाही, असे त्यात म्हटले आहे. मात्र ते वचन तेथे शर्मिष्ठा ययातीला ऐकवते, आणि तेही त्याने शुक्राचार्यांना दिलेला शब्द बाजूला ठेवून आपला स्वीकार करावा म्हणून. ज्याला सवलत हवी आहे त्याच्याच तोंडी सवलतीचे वचन यावे, हे मला तरी पुरेसे बोलके वाटते.

तरीही आपल्याला सरसकट दोषी ठरवणे योग्य होणार नाही. निघताना आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, बांगडी फुटली तर ती ‘वाढवली’ म्हणतो. ऐकणाऱ्याला खरा अर्थ ठाऊक असल्यामुळे त्यात कोणी फसत नाही. ‘पत्रिका जुळत नाही’ हे वाक्यही आपल्याकडे जवळजवळ याच पंक्तीत जाऊन बसले आहे. दोन-चार स्थळे पाहिलेल्या घराला त्यातला नकार बरोबर ऐकू येतो आणि पंचांग कोणी उघडत नाही. आपण तेवढ्यावर थांबला असतात, तर मी त्याला फारसे खोटे म्हटले नसते.

पण आपण एकनाड सांगितली. नाडी जन्मनक्षत्रावरून ठरते. 27 नक्षत्रे आद्य, मध्य आणि अंत्य अशा तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटलेली असतात आणि हे कोष्टक बहुतेक पंचांगांत छापलेले असते, म्हणजे पत्रिकेतील सर्वांत सहज पडताळता येणारी गोष्ट आपण निवडलीत. शिवाय 36 पैकी तब्बल 8 गुण एकट्या नाडीचे असल्यामुळे, ज्या घरात हे मनापासून मानतात तेथे ते वाक्य नकार म्हणून न पोहोचता अडचण म्हणून पोहोचते, आणि अडचण दूर करण्यासाठी माणसे धडपडतात. त्या आईंनी नेमके तेच केले. (एकनाड ही निदान दोघांमधली गोष्ट, कडक मंगळ सांगितला असतात, तर तो त्या मुलाला पुढच्या प्रत्येक स्थळापर्यंत चिकटून राहिला असता.) त्यांचे मन जपण्यासाठी आपण खोटे बोललात असे लिहिता, परंतु माझ्या मते आपण जपला तो एका अवघड वाक्यातून स्वतःला होणारा संकोच.

म्हणून आता दुसरी सबब शोधू नका; मुलीला पुढे शिकायचे आहे किंवा आमच्या गुरुजींचे मत वेगळे पडले, असे काही सांगितलेत तर त्यावरही त्या तोडगा घेऊन येतील. ‘माझं चुकलं, पत्रिका आम्ही पाहिलीच नव्हती. मुलीच्या मनात नाही आणि ते सांगायला मला जड गेलं,’ एवढे बोलावे. त्यांनी ‘आमच्या मुलात काय खटकलं?’ असे विचारल्यास, ‘ते तिचं तिच्यापाशी राहू द्या,’ असे उत्तर देण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, कारण कारण न सांगणे आणि खोटे कारण सांगणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा फोन मुलीला करायला लावू नये, आणि तो लांबणीवरही टाकू नये. 26 गुणांच्या आशेवर त्यांनी कदाचित दुसरी स्थळे थांबवून ठेवली असतील. फोन झाला की ती पत्रिकाही त्याच पाकिटातून परत पाठवून द्यावी.